गृहचर्चा : खेळाचें यंत्र आणि घराची शिल्लक

राहुरीहून एका भगिनींनीं विचारलें आहे, कीं घरांतील मुलासाठीं खेळ नीट चालतील असा संगणक सुटे भाग आणून जुळवावयाचा आहे. त्याची चुलतबहीण स्थापत्यशास्त्र शिकते, तिलाहि तोच वापरावयाचा आहे. पडदा घरीं आहे. एकत्र शिलकेंतून साठ हजार रुपये मिळतील, त्यावर पैसाहि नाहीं. मामंजींच्या मतें खेळापायीं एवढा खर्च म्हणजे उधळपट्टी. तेव्हां काय करावें?

मामंजींशीं माझा मतभेद अर्धाच आहे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांची त्यांना वाटणारी भीति रास्त होय, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें त्यांस कायद्यानें बंदीहि केली. परंतु मुलानें ज्या खेळांचीं नांवें दिलीं आहेत, ते या जातीचे नव्हेत. शिवाय जें यंत्र खेळ सुरळीत चालवितें, तेंच मुलीच्या इमारतींचीं त्रिमिति चित्रेंहि काढतें. खर्च एका मुलाचा नसून दोघांचा आहे, हें त्यांच्या कानीं घालावें.

आतां भागांची निवड. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर हा समास द्वंद्व नव्हे, तत्पुरुष होय. सर्व पदें येथें सारखीं प्रधान नसतात. प्रधान पद एकच, तें म्हणजे ग्राफिक्स कार्ड. साध्या पडद्यावर रुंदींत १९२० व उंचींत १०८० असे २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र अडखळूं नये म्हणून सेकंदाला साठ वेळां तें नव्यानें रंगवावें लागतें. म्हणजे दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपके! हें काम मुख्य प्रोसेसरच्या आवांक्यांतलें नव्हे. म्हणून रकमेचा निदान तिसरा हिस्सा या एका भागासाठीं आधीं बाजूला काढावा, आणि मग बाकीचें पाहावें. दुकानदार बहुधा उलट क्रमानें विकतो. प्रोसेसरचें मोठें नांव, रंगीत दिवे लागणारी पेटी, आणि उरल्या पैशांत कार्ड! त्या दिव्यांनीं एकहि ठिपका रंगविला जात नाहीं.

निव्वळ खेळांस एएमडीचें आरएक्स ६६०० (२०२१ चें, ८ जीबीचें) पुरतें. मात्र मुलीच्या कामाच्या कांहीं आज्ञावल्या एनव्हिडियाच्या ‘कुडा’ व्यवस्थेवरच विसंबतात. तिनें महाविद्यालयांत विचारून यावें. तसें असल्यास आरटीएक्स ३०६० चें १२ जीबीचें कार्ड पाहावें. मुलगा यावर कुरकुरेल, कुरकुरूं द्यावें.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० घ्यावा. तो २०२२ चा आहे, पण सहा गाभ्यांचा असून जुन्या एएम४ बैठकीवर बसतो आणि त्यास डीडीआर४ रॅम चालते. नवी एएम५ बैठक केवळ डीडीआर५ घेते. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे मेमरीचा माल वळूं लागला आणि रॅमचे भाव कडाडले. त्यामुळें मागविण्याच्या दिवशींच भाव विचारावा, मागच्या वर्षींच्या यादीवर भिस्त ठेवूं नये. सोळा जीबी हवी ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांनीं घ्यावी. एकाच पट्टीनें अर्धा रस्ता बंद राहतो.

जुन्या कार्डांचा मोह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत फार होतो. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या आभासी चलनाची खाणकामाची पद्धत बंद झाली, आणि रात्रंदिवस राबविलेलीं असंख्य कार्डें बाजारांत आलीं. घासाघीस अवश्य करावी, पण कंपनीची हमी शिल्लक नसेल तर परत फिरावें.

जेथें काटकसर मुळींच करूं नये, असा भाग म्हणजे वीज पुरविणारी एसएमपीएस. पेटीबरोबर फुकट येते ती पेटीबरोबरच परत करावी. वरील प्रोसेसर ६५ वॉटचा, आरएक्स कार्ड १३२ वॉटचें. ‘८० प्लस’ प्रमाणित ५५० वॉटची एसएमपीएस त्यांस सुखानें पोसते. यूपीएसहि सहाशे व्हीएचा घेऊं नये, त्याची खरी ताकद साडेतीनशे वॉटच्या आसपास, हजाराचा घ्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पेटी समोरून जाळीची असावी आणि भिंतीला टेकवूं नये.

पत्रांत एक ओळ सहज आली आहे, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते : “वाडा जुना आहे, इस्त्रीला कधीं कधीं झिणझिण्या येतात.” बाई, याचा अर्थ जमिनीची तार तुटली आहे किंवा मुळांत नाहींच. लोखंडी पेटीला मुलें हात लावणार आहेत. साठांतले कांहीं हजार प्रथम अर्थिंगला द्यावेत, कार्ड एक पायरी खालचें घ्यावें लागलें तरी चालेल. आणि वायरमन काम पुरें करून मीटरनें तपासून जाईपर्यंत एकहि भाग मागवूं नये. तोंवर इस्त्रीहि वापरूं नये.

श्रीरामपूरच्या वाचकांनीं छपाईयंत्राविषयीं विचारलें आहे, त्यांस पुढील अंकीं लिहितों.