सूप गाळू नका

क्षयरोगाच्या वॉर्डात नातेवाईक थर्मासमधून चिकनचं सूप आणतात. पातळ, गाळलेलं. ‘सगळी ताकद यात उतरलीय’, असं सांगतात. उकडलेले तुकडे घरी बाकीच्यांच्या ताटात गेलेले असतात. ताकद गेली ती तिकडे! पाण्यात उतरते चव, मीठ, थोडं जिलेटिन. प्रथिनं बहुतांश मांसातच राहतात. १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून साधारण २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात, वाटीभर गाळलेल्या सुपातून जेमतेम दोन-चार. वजन घटलेल्या रुग्णाला हा फरक परवडत नाही.

म्हणून आजाऱ्यासाठी सूप दाटच करावं. चिकन हाडांसकट मंद आचेवर शिजवा, हाडं काढून मांस बारीक तोडून परत घाला. चमचाभर कणीक तुपावर भाजून त्यात थोडं थोडं दूध ओता, गुठळी मोडा आणि हे सुपात मिसळा. विकतचं क्रीम लागत नाही. वरून नूडल्स, नाहीतर गव्हाच्या शेवया. मीठ बेतानं. मांसाबरोबर दूध नको, असं घरातली मोठी माणसं म्हणतील. आधुनिक वैद्यकात त्याला आधार नाही. तरी मन घेत नसेल तर शिजवलेली मूगडाळ घोटून घाला, दाटपणा येतो. पाकिटातल्या ‘क्रीमी’ सुपात मात्र बरंचसं पिठूळ आणि खारट असतं, चिकन नावापुरतं.

निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात, २०२४ पर्यंत ५०० होते. त्यातून आणलेलं चिकन आधी रुग्णाच्या वाटीत पडू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.