साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत



‘गणपतराव देशमुख साधेपणामुळे निवडून येत’ हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. गणपतराव, म्हणजे आमचे आबा, एसटीने फिरत हे खरे. पण सांगोल्याने त्यांना १९६२ पासून अकरा वेळा आमदार म्हणून निवडले ते पाण्यासाठी. टँकरमागे हंडे घेऊन पळालेल्या आमच्या पिढीला विचारा! आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींसोबत ते वर्षानुवर्षे बसले. टेंभू, म्हैसाळ उपसा योजनांचे पाणी हाच त्यांचा प्रचार. १९७२ आणि १९९५ला तर याच साध्या माणसाला आम्ही पाडलेही होते. तरी मागणी त्यांनी सोडली नाही. आजचे आमदार पुन्हा मते मागायला येतील तेव्हा गाडी कोणती, हे बघू नका. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी किती दिवस आले, ते विचारा.

– एक डाळिंब उत्पादक, सांगोला