संशोधन आपल्या दवाखान्यातही

संशोधन हे विद्यापीठांचे काम, आपण केवळ रोगी तपासावेत, असा समज आपल्या व्यवसायबंधूंमध्ये रूढ आहे. तो मला मान्य नाही.

महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यापुढे प्रश्न अगदी व्यावहारिक होता : विंचूदंशाचे रोगी का दगावतात? त्यांनी रोग्यांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. उत्तर शास्त्राच्या सिद्धांतात सापडले. विषामुळे कॅटेकोलामाइन्सचा अतिरेकी स्राव होतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि फुफ्फुसांत पाणी भरते. यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी गुणकारी ठरली. १९८२ मध्ये लक्षणांवरील व १९८६ मध्ये प्राझोसिनवरील त्यांचे लेख ‘लॅन्सेट’ने छापले.

२०२५ मध्ये शेजारच्या परासिया भागात खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉलमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन बालके दगावली. असे संकट प्रत्येक दवाखान्यात सुटा रोगी म्हणूनच येते. नोंदी एकत्र आल्याशिवाय त्याचे स्वरूप उमगत नाही.

म्हणून पांढुर्णा व सौंसर येथील डॉक्टरांनी सामाईक नोंदवही ठेवावी, असे मी सुचवितो. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, मूत्रपिंडविकार, गोटमारीच्या जखमा यांची तारीख, गाव, लक्षणे, औषध व परिणाम एवढेच लिहावे. रोग्याचे नाव नको. गर्दीच्या वेळी हे जड वाटेल, हे खरे. परंतु दर महिन्याला एकत्र बसून ती वही वाचली, तर पुढचे संकट आपल्याला वेळेवर ओळखता येईल.