स्टिअरिंग एकदम मख्खन!

मित्रांनो, मेकॅनिकलचा मुलगा गाडीवर लेख लिहितोय म्हटल्यावर निम्मे लोक पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. पण जरा थांबा. यात गाडी आहे, माझा गाढवपणा आहे आणि शेवटी आपल्या हॉस्टेलचा नोटीस बोर्डही आहे.

आमचे अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, मधे कुंभार्ली घाट. त्यांच्या उमेदीच्या काळात त्या लाल गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसायचं. स्टँडवर भरलेली गाडी वळवायची म्हणजे सीटवरून अर्धं उठून चाकावर अंग टाकायचं. रिटायर झाले तेव्हा ग्रॅच्युइटीबरोबर दुखरा उजवा खांदाही घेऊन घरी आले. त्यात आईला दर महिन्याला गावाकडून कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून घरात ठरलं, जुनी का होईना पण पॉवर स्टिअरिंगची गाडी घ्यायची. आणि ती निवडायचं काम घरातल्या एकुलत्या एक ‘इंजिनिअर’कडे आलं. म्हणजे माझ्याकडे!

नेरुळच्या एका एजंटकडे गाडी सापडली. २००८ची, पेट्रोल, पंधरा वर्षं झाल्यावर आर.टी.ओ.तून पुन्हा नोंदणी करून घेतलेली. किंमत सव्वा लाख. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. बॉनेट उघडलं तर इंजिन आरशासारखं चकचकीत. आम्ही तिघं रूममेट खूश. संध्याकाळी पाम बीच रोडवर चक्कर मारली. बेलापूरहून वाशीपर्यंत एका बोटाने गाडी चालवली. एजंट म्हणाला, ‘साहेब, स्टिअरिंग एकदम मख्खन!’ मी मान डोलावली आणि पैसे मोजले.

आता यातली गंमत बघा. गाडी पळत असताना चाकं वळवायला मुळात फार जोर लागतच नाही. खरा जोर लागतो तो गाडी उभी असताना किंवा अगदी हळू असताना, कारण तेव्हा टायर रस्त्यावर घासून फिरवावा लागतो. म्हणजे पॉवर स्टिअरिंगची परीक्षा घ्यायची तर ती पार्किंगमध्ये, आणि मी घेतली पाम बीच रोडवर! पोहता येतं का हे बघायला कोरड्या विहिरीत उतरण्यासारखा प्रकार.

बारा दिवसांनी वाशीच्या सेक्टर १७ मध्ये दोन गाड्यांच्या मधे गाडी लावताना स्टिअरिंगने दगा दिला. घूंऽऽ असा आवाज आणि चाक दगडासारखं जड. मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. दोन्ही हातांनी ओढून कशीबशी गाडी बाजूला घेतली. माझे तरणे खांदे भरून आले, तर अण्णांच्या खांद्याचं काय झालं असतं?

थोडं तांत्रिक सांगतो, फार नाही. ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये ती गाडीवर चालवून दाखवली आणि विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इंपीरियलमध्ये. आजच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर हे काम करते. पण माझ्या गाडीत जुनी हायड्रॉलिक पद्धत होती. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो डबीतलं तेल ओढून दाबाने पाठवतो. हा दाब जास्तीत जास्त ७० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस ते पन्नास पट! आपण चाक फिरवलं की आतली एक बारीक दांडी, टॉर्शन बार, किंचित पिळली जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल रॅकमधल्या पिस्टनच्या योग्य बाजूला जाऊन ढकलायला लागतं. सेकंड इयरला आपण घोकलेला पास्कल तो हाच. पंप थांबला तरी चाक आणि रॅक यांचा लोखंडी सांधा तसाच राहतो. त्यामुळे स्टिअरिंग निकामी होत नाही, फक्त जड होतं. पण वळणाच्या मधोमध अचानक जड झालं तर कच्चा हात गडबडतो. म्हणून उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे जे शूरवीर असतात, त्यांना कोपरापासून नमस्कार.

तर मी डबी उघडली. तेल जवळजवळ संपलेलं. भरलं. गाडी पुन्हा मख्खन. दहा-बारा दिवसांनी पुन्हा घूंऽऽ. आवाज पंपाचा, म्हणजे बिघाड पंपाचा, असं मी ठामपणे ठरवलं. तुर्भ्यातल्या एका गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रीला ऐटीत सांगितलं, ‘पंप गेलाय, बदला.’ त्याने बदलला. नऊ हजार रुपये. अण्णांचे. नवीन पंप बसवताना अर्थातच नवीन तेल भरलं गेलं, म्हणून गाडी पुन्हा बारा दिवस छान चालली. तेराव्या दिवशी तेराव्यासारखीच कळा आली.

रूमवर बैठक बसली. एकमताने ठराव पास, ‘टॉप-अप मार आणि विकून टाक. तुला त्याने असंच विकलं, तू पुढच्याला वीक.’ मला ते पटलं, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. अण्णांना फोनवर म्हटलं, ‘गाडीत किरकोळ काम निघतंय, ही विकून दुसरी बघू.’ ते म्हणाले, ‘बघ.’ इंजिन धुऊन घेतलं. तेल काठोकाठ भरलं. जाहिरातीत काय लिहिलं असेल? ‘स्टिअरिंग एकदम मख्खन.’ माझ्या हाताने!

पनवेलच्या एक शिक्षिका गाडी बघायला आल्या. नुकत्याच गाडी शिकलेल्या, मुलीला शाळेत सोडायला हवी होती. चक्कर मारून झाल्यावर म्हणाल्या, ‘मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही इंजिनिअरिंगचे म्हणून विचारते. काही प्रॉब्लेम नाही ना? असता तर तुम्ही सांगितलं असतंत.’ मी हसलो. काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी टोकन द्यायचं ठरलं.

त्या रात्री बेलापूरला लॉ करणारा माझा शाळेतला मित्र हॉस्टेलवर आला होता. मी त्याला विचारलं, ‘गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही ना रे?’ त्याने १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७ काढून दाखवलं. त्यात चक्क घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात कुणी आजारी घोडा विकला आणि त्याविषयी अवाक्षर काढलं नाही, तर केवळ तेवढ्याने ती फसवणूक होत नाही. मी म्हटलं, ‘सुटलो!’ तो म्हणाला, ‘पुढे वाच.’ घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन, आणि तरीही विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्याइतकंच. शिवाय माहीत असलेली गोष्ट हालचाल करून लपवणं ही सरळ फसवणूकच. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी घोड्यासाठी लिहिलेला कायदा माझं धुतलेलं इंजिन आणि माझं हसू, दोन्ही बरोबर ओळखून होता.

तरी मी कायद्याला घाबरून बदललो असं म्हणणार नाही. अण्णांचा फोन आला. मी आनंदाने सांगितलं, ‘गिऱ्हाईक मिळालं.’ त्यांनी एकच विचारलं, ‘त्या बाईंना स्टिअरिंगचं सांगितलंस का?’ मी म्हटलं, ‘अण्णा, आपल्याला तरी कुणी सांगितलं?’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘मी तीस वर्षं गाडी चालवली. पाठीमागं पन्नास माणसं बसायची, ती काय मला ओळखत होती व्हय? माझ्या भरवशावर झोपायची.’ आणि फोन ठेवला.

मी सकाळी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल, त्या म्हणाल्या असतील की वा, किती प्रामाणिक मुलगा! तसलं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, ‘हे काल विचारलं तेव्हा सांगायला हवं होतंत,’ आणि फोन ठेवला. बरोबरच होतं त्यांचं.

रविवारी अण्णा स्वतः आले. बॉनेटला हातही लावला नाही. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून वर दगड ठेवले आणि झोपले. सकाळी पाहिलं तर उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा एक डाग. अण्णांनी आत हात घालून रॅकच्या टोकाचं रबरी बूट दाबलं. पाण्याच्या पिशवीसारखं थुलथुलीत. क्लिप सोडली तर भसकन तेल बाहेर! रॅकचं सील गेलं होतं. गळणारं तेल बूटमध्ये साठत होतं, म्हणून जमिनीवर फारसं दिसत नव्हतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढायचा आणि ओरडायचा. म्हणजे ओरडत होता तो बिचारा उपाशी पंप, आणि चोर होता रॅक. मी ओरडणाऱ्यालाच फाशी दिली!

रॅक उतरवून सील किट टाकलं, बूट नवीन घातलं, अलाइनमेंट केली. खर्च सात हजार. पंपाचे नऊ हजार गेले ते गेलेच. आता गाडी गावी आहे आणि डबीतल्या तेलाची पातळी जिथल्या तिथे आहे.

तर सांगायचा मुद्दा हा की जुन्या गाडीचं जड स्टिअरिंग म्हणजे ‘म्हातारपण, चालायचंच’ असं नसतं. त्याला कारण असतं आणि ते स्वस्तापासून महागाकडे शोधायचं असतं. आधी टायरची हवा बघा. मग तेलाची पातळी आणि रंग. तेलावर फेस असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. पूर्ण वळवल्यावर चीं असं किंचाळत असेल तर पट्टा सैल. रेस दिल्यावर हलकं होत असेल तर पंप किंवा पट्टा. एकाच बाजूला जड असेल तर रॅककडे बघा. इंजिन चालू असो वा बंद, सारखंच जड असेल आणि पट्टा व तेल ठीक असेल, तर मदत मिळतच नाही, म्हणजे दाब तपासा. मदत मिळतेय पण वळणानंतर चाक आपणहून सरळ होत नसेल, तर तेलाचा संबंध नसेलही, सांधे आणि बेअरिंग बघा. गाडी घेताना इंजिन बंद ठेवून चाकावर हलका जोर द्या आणि मग स्टार्ट करा. चाक हातात हलकं झालं पाहिजे. गल्लीत सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पण टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तेल तापतं. बूट हाताने दाबून बघा. जुन्या गाडीचं इंजिन फारच चकचकीत आणि तेल फारच ताजं दिसलं तर खूश होण्याआधी विचारा, ‘हे कधी आणि का भरलं?’ आणि जमलं तर एक रात्र, एक वर्तमानपत्र.

पण यापेक्षा मोठा मुद्दा आपला आहे. दर मे महिन्यात हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर फायनल इयरच्या चिठ्ठ्या लागतात. ‘बाइक विकणे आहे, टिपटॉप कंडिशन.’ ‘कूलर, एकदम नवा.’ घेणारा कोण? नुकता आलेला ज्युनिअर, ज्याच्या खिशात बापाचे पैसे असतात आणि ज्याला आपल्यावर भरवसा असतो. बाइकचा ब्रेक लागत नाही हे त्याला कळतं सायन-पनवेल हायवेवर. चार वर्षं आपण बिघाड कसा शोधायचा ते शिकतो आणि जाताना तो कसा लपवायचा याचं प्रात्यक्षिक देतो. कुणी म्हणेल, ‘दोष सांगितला तर भाव पडतो.’ पडणारच! वस्तूची खरी किंमत तीच असते. वरचे पैसे आपण दुसऱ्याच्या अज्ञानातून काढत असतो.

माझी रेक्टर सरांना साधी विनंती आहे. बोर्डावर लागणाऱ्या प्रत्येक विक्रीच्या चिठ्ठीत ‘दोष’ या शब्दापुढे एक ओळ भरणं सक्तीचं करावं. रिकामी असेल तर चिठ्ठी लावू नये. आणि वर्कशॉपच्या सरांनी मे महिन्यात एक शनिवार सकाळ द्यावी, विकायच्या गाड्या सगळ्यांसमोर तपासाव्यात. त्यातून आम्हालाही चार गोष्टी कळतील, ज्या जर्नलमध्ये कॉपी करून कळत नाहीत.

सुरुवात मी करतो. पुढच्या वर्षी माझी बाइक विकायला निघेल. चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवली आहे. ‘दोष: थंडीत तीन-चार किका माराव्या लागतात, मागचे ब्रेक शू संपत आलेत, पेट्रोलचा काटा खोटं बोलतो.’ गिऱ्हाईक कमी येतील. येऊ देत.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल