भाड्यात हप्ता बसतो?

"मॅडम, भाड्यातच हप्ता निघतो. तुम्हाला खिशात हात घालायलाच नको!" वारज्यातल्या त्या वन बीएचकेच्या बाल्कनीत उभं राहून ब्रोकरनं हे वाक्य टाकलं आणि मी तिथंच फ्लॅट झाले. रीसेलचा फ्लॅट, किंमत ६० लाख, भाडं महिना २० हजार आणि भाडेकरू तयार. माझा चेक कधी निघणार हे संपादकालाही माहीत नसतं. अशा फ्रीलान्सर मुलीला दर महिन्याला नेमानं येणारे पैसे म्हणजे सॉलिड फंडा वाटणारच ना!

घरी सांगितलं, तर बाबा लगेच म्हणाले, "माझ्या ग्रॅच्युइटीचे १२ लाख पडलेत की. घे."

तिथे माझी झोप उडाली. स्वतःच्या पैशांचा मी हिशोब ठेवत नाही, पण बाबांच्या पैशांसाठी वही काढली.

६० लाखांच्या घराला बँक फार तर ८० टक्के देणार, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ बाबांचे. पण स्टॅम्प ड्युटी बँक त्या किमतीत धरतच नाही. बाईच्या नावावर पुण्यात ६ टक्के, वर ३० हजार नोंदणी. झाले आणखी ३ लाख ९० हजार. हे ब्रोकर बाल्कनीत सांगत नाही.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता येतो साधारण ४१,६५०. भाडं २० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी महिना साडेतीन हजार धरा (घर भाड्यानं दिलं की स्वतः राहणाऱ्याला मिळणारी महापालिकेची ४० टक्के सवलतही जाते). म्हणजे खिशातून दर महिन्याला २५ हजार. भाडेकरू गेला आणि दोन महिने घर रिकामं राहिलं, तर विचारूच नका.

"पण टॅक्स वाचतो ना?" मी मोठ्या आशेनं शेजारच्या सीए काकांना विचारलं.

काकांनी माझीच वही ओढली. वर्षाचं भाडं २ लाख ४०. त्यातून वर्षभरात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, समजा १२ हजार, वजा. उरलेल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली सरसकट ३० टक्के सूट, तुम्ही एक खिळाही ठोकला नसेल तरी. (मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो यातच आला.) राहिले १ लाख ५९ हजार ६००. आता पहिल्या वर्षाचं व्याज ४ लाख ४ हजार. म्हणजे कागदावर २ लाख ४४ हजारांचा तोटा.

"जुन्या पद्धतीत यातले २ लाख तुझ्या बाकीच्या उत्पन्नातून वजा होतात, उरलेले ८ वर्षं पुढे नेता येतात. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वाचतील ४१ हजार ६००. पण नव्या पद्धतीत तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. भाड्यावर टॅक्स लागणार नाही, एवढंच."

आणि २०२३-२४ पासून नवी पद्धत आपण काही न सांगता लागू होते. नोकरीवाले मित्र दरवर्षी बदलू शकतात. माझ्यासारख्या व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांचा मात्र लोच्या आहे. एकदा जुनी घेऊन नव्यात परतलं, की जुनीचं दार बंद. वर्षाला खिशातून ३ लाख घालून ४१ हजार वाचवायचे, हे गणित काही मला झेपेना.

काका म्हणाले, "अगं, भाव वाढेल या आशेवर घेत असशील तर तसं म्हण. भाड्यावर नको म्हणूस." हे मला पटलं, आणि जरा झोंबलंही.

एक गोष्ट मात्र ज्यांनी आधीच घर घेतलंय त्यांच्यासाठी. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची आहे. मैत्रिणीनं 'ओळखीचाच आहे' म्हणून साध्या कागदावर केला, आणि भाडं थकल्यावर आता ती वकिलाच्या पायऱ्या झिजवतेय.

बाबांना सगळी वही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी देतो म्हटलं नसतं, तर तू बघितलंच नसतंस?"

मी चहा टाकायला उठले. ब्रोकरचे तीन मिस्ड कॉल आहेत. बाबांचे १२ लाख सध्या एफडीतच आहेत.