सामायिक दूरचित्रवाणीचा कारभार

घरातील दूरचित्रवाणीसंचावर एका कुटुंबाची मालकी असते. परंतु रुग्णालयाचे प्रतीक्षालय, वसतिगृहाचे सभागृह किंवा वृद्धाश्रमाचा दिवाणखाना येथील संचाला खऱ्या अर्थाने मालक नसतो, केवळ प्रेक्षक असतात, आणि त्या क्षणी ज्याच्या हाती रिमोट असेल त्याचाच अंमल सर्वांवर चालतो. हा विषय कित्येकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या माणसाला स्वतःच्या पायांनी उठून खोलीबाहेर जाता येत नाही, त्याच्या दिवसाची शांतता आणि रात्रीची झोप भिंतीवरच्या त्या संचाचा आवाज, त्याचा उजेड आणि तो बंद होण्याची वेळ या तीन गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून त्यांची तजवीज कोणाच्याही लहरीवर न सोपवता संस्थेने स्वतः, विचारपूर्वक आणि सर्वांच्या संमतीने केली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

आपल्या देशात दूरचित्रवाणी आली तीच मुळी सामायिक वस्तू म्हणून. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ते पाहण्यासाठी सामुदायिक संच मांडून प्रेक्षकांची मंडळे स्थापन करण्यात आली होती. आणि पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने जो ‘साइट’ नावाचा दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविले गेले. त्या प्रयोगात सकाळचा वेळ शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळचा प्रौढांसाठी राखून ठेवलेला असे, म्हणजे संच कोणासाठी व केव्हा लावावयाचा हे आधीच ठरलेले असे. पुढे घरोघरी स्वतंत्र संच आले आणि ही शिस्त अनावश्यक ठरली. परंतु तोच संच जेव्हा पुन्हा संस्थांच्या दालनांत गेला, तेव्हा तो घरातील सवयी घेऊन गेला, ही खरी अडचण आहे.

या अडचणीवरचा उपाय बहुतेकदा संचाच्या पोटातच दडलेला असतो. अनेक निर्माते आपल्या संचांत, विशेषतः व्यावसायिक वापरासाठी विकल्या जाणाऱ्या संचांत, ‘हॉटेल मोड’ नावाची एक व्यवस्था ठेवतात. ती नेहमीच्या मेनूत दिसत नाही, रिमोटवरील ठराविक कळा ठराविक क्रमाने दाबल्या म्हणजे उघडते. तीत आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते, संच सुरू होताना आवाज किती असावा हे नेमून देता येते, मेनूला आणि संचाच्या अंगावरील बटणांना कुलूप घालता येते. आणि काही संचांत तर ही सारी मांडणी पेनड्राइव्हवर उतरवून त्याच बनावटीच्या दुसऱ्या संचात जशीच्या तशी भरताही येते, ज्यामुळे वीस खोल्यांच्या संस्थेचे कष्ट पुष्कळ वाचतात.

मात्र येथे एक मेख आहे. ज्या वृद्धाश्रमात मी अधूनमधून वाचन करण्यासाठी जातो, तेथे कारागिराने संचाच्या आवाजाची मर्यादा बांधून दिली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मालिकेच्या वेळी शेवटच्या खाटेवरील आजींनी कानांवर पदर ओढून घेतला. कारण मर्यादा संचाला घातली होती, सेट-टॉप बॉक्सला नव्हे, आणि बॉक्सच्या रिमोटने आवाज अजून पुष्कळ चढत होता. त्या कारागिराने मग जी युक्ती केली ती सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याने प्रथम बॉक्सचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत नेला, त्या स्थितीत तो स्वतः आजींच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला, “आजी, आता कसं वाटतंय?” असे विचारीत साहाय्यकाकडून संचाची मर्यादा एकेक पायरी खाली आणवली, आणि आजींनी मान डोलावली तेथे ती कायम केली; आता बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी होऊ शकतो, वाढू शकत नाही. नको असलेल्या वाहिन्यांनाही, त्या बॉक्समधून येत असल्यामुळे, बॉक्समध्येच पिन घालावा लागतो. संचाचे कुलूप तेथे निरुपयोगी ठरते.

आवाज वाढविण्याची मागणी ज्यांच्याकडून येते तेही बहुधा उपद्रवी नसतात, पीडितच असतात. “आवाज येतो हो, शब्द येत नाहीत,” असे तेथील एका आजोबांनी मला सांगितले, तेव्हा त्यांनी वार्धक्यातील बहिरेपणाचे अचूक निदानच केले होते. कारण वयोमानाने प्रथम उच्च पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, स, श, त, फ यांसारखी व्यंजने विरून जातात आणि स्वर तेवढे कानी पडतात. अशा वेळी आवाज चढविल्याने पार्श्वसंगीताचा गलका वाढतो, अर्थबोध वाढत नाही. त्यापेक्षा संवाद स्पष्ट करणारी ध्वनिरचना निवडावी, खर्ज उतरवावा, कार्यक्रम आणि जाहिरात यांच्या आवाजातील तफावत आपोआप सम करणारी सोय असल्यास ती चालू ठेवावी, उपशीर्षके मिळत असतील तर लावावी, आणि एखाद्यास कर्णयंत्राशी किंवा हेडफोनशी जोडून स्वतंत्र आवाज देता येत असल्यास तीही तरतूद करावी.

आवाजाच्या मर्यादेला कायद्याचाही आधार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. फाटकाबाहेरच्या वाहनचालकाकडून जी शांतता आपण हक्काने मागतो, ती फाटकाच्या आतील दालनात पाळण्याचे दायित्व संस्थेवर अधिकच येते. उजेडाचेही तसेच आहे. नवा संच प्रथम सुरू करताना पुष्कळदा घर की दुकान असे विचारतो. तेथे चुकून दुकान निवडले गेले की थकलेल्या डोळ्यांना न सोसणारा झगझगाट मानगुटीस बसतो. म्हणून घराची निवड करावी आणि रात्रीची वेळ नेमून संच आपोआप बंद होईल असे करावे.

परंतु यंत्राची मांडणी म्हणजे कारभार नव्हे. मर्यादा किती, वेळा कोणत्या, कोणत्या दिवशी भजन, कोणत्या दिवशी क्रिकेट, हे निवासी, शुश्रूषा करणाऱ्या मावशी आणि व्यवस्थापक यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि जे दूरचित्रवाणी पाहतच नाहीत त्यांचे मतही तितक्याच आदराने नोंदवावे. झालेला ठराव मोठ्या अक्षरांत संचाशेजारी लावावा; गुप्त कळांचा क्रम आणि पिन एकाच कर्मचाऱ्याच्या स्मरणात न ठेवता दप्तरी लिहून ठेवावा, नाही तर तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की सारी संस्था अडून बसते. निवासी बदलतात, त्यांची प्रकृती बदलते, म्हणून या ठरावाचा फेरविचारही नियमाने व्हावा. ज्या संस्थेच्या विश्वस्तांच्या हाती ही ओळ पडेल, त्यांनी पुढील बैठकीच्या कामकाजात हा एक विषय अवश्य घालावा, आणि त्यावर प्रथम मत विचारावे ते ज्याला रिमोट हाती धरता येत नाही त्याचे.