अशक्तपणा हे निदान नव्हे

उन्हाळ्यात पुसदच्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसा, एक मागणी हमखास कानी पडते : "डॉक्टर, अंगात ताकदच नाही. एक बाटली लावून द्या." पाय उचलत नाहीत, पोटऱ्यांत गोळे येतात. कारण ठरलेलं, ऊन. उपाय ठरलेला, सलाईन. या समजुतीला माझा ठाम विरोध आहे. कारण यातल्या काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घटलेलं असतं आणि ते कुणी तपासतच नाही.

बाटलीचे कैवारी म्हणतात, "लावली की तरतरी येते." अंगातलं पाणी कमी झालं असेल तर येतेच, हे मान्य. पण बाटलीवरचं लेबल वाचा. नेहमीच्या सलाईनवर 'सोडियम क्लोराइड ०.९ टक्के' असं असतं. पोटॅशियमचा त्यात कणही नाही. ग्लुकोजची बाटली असेल तर आणखी पंचाईत. साखरेमुळे इन्शुलिन वाढतं आणि ते रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तो हाच प्रकार.

दुसरे म्हणतात, "रोज दोन केळी खा, गोळ्या-औषधं कशाला?" हिशेब करून पाहा. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. रक्तातलं प्रमाण ३.५ वरून २.५ वर आलं, तर शरीरातली तूट निदान ८००० मिलिग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे वीस केळी, तीही गळती थांबली असेल तर! केळं उत्तम अन्न आहे. पण ते उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा दावा : "घामावाटे गेलं, ऊन उतरलं की भरून येईल." घामात पोटॅशियम थोडंच असतं. ते मुख्यतः जातं लघवीतून आणि जुलाबांतून. उलट्या लांबल्या तरी मूत्रपिंडं ते लघवीवाटे टाकू लागतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन यांसारख्या लघवीच्या गोळ्या हे तर नेहमीचं कारण. ते ऊन उतरल्यानं कसं जाणार?

मग करायचं काय? रक्तातले इलेक्ट्रोलाइट्स तपासायचे. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं, २.५ च्या खाली गेलं तर हातपाय लुळे पडू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी ईसीजी आणि तातडीचे उपचार हवेतच. "तपासण्या म्हणजे पैशाचा खेळ" ही तक्रार अगदीच निराधार नाही. पण राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. तो आपला हक्क आहे, तो वापरावा.

निदान झालं म्हणून घाबरून जाऊ नये. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या डॉक्टरांसमोर ठेवाव्यात, कोणतीही गोळी मनानं बंद करू नये, सांगितलेल्या दिवशी पुन्हा रक्त तपासावं. औषध घेऊनही पोटॅशियम वाढत नसेल तर मॅग्नेशियम पाहायला सांगावं. ते कमी असेल तर पोटॅशियम टिकत नाही. आणि शेजाऱ्याचं पोटॅशियमचं पातळ औषध तर कधीच घेऊ नये. मूत्रपिंडं अधू असतील तर ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं.

अशक्तपणा हे लक्षण आहे. त्याचं कारण शोधणं हे डॉक्टरांचं काम आणि ते शोधायला लावणं हे आपलं. बाटली मागण्याआधी एवढंच विचारा : "माझं पोटॅशियम किती आहे, आणि कमी असेल तर का?"